पंचांवर पंच कोण?

एका कॉलेजच्या बास्केटबॉल कोचला दोन वर्षं बाजूला बसवायचं की नाही, हा प्रश्न किती वर जाऊ शकतो? प्रिन्सिपॉलपर्यंत? फार तर विद्यापीठाच्या क्रीडा विभागापर्यंत? अमेरिकेत तो थेट सुप्रीम कोर्टात गेला. नऊ न्यायमूर्ती बसले आणि ५ विरुद्ध ४ असे फुटले. त्या निकालानंतर नेवाडा राज्याच्या आमदारांनी चक्क कायदाच केला, की कॉलेजच्या खेळांमधल्या नियमभंगाची चौकशी कशी करायची ते यापुढे आम्ही सांगू. तो कायदाही टिकला नाही. का टिकला नाही ही गोष्ट मजेशीर आहे, आणि थोडी चीड आणणारीसुद्धा.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर पुढचं सगळं बाऊन्सर जाईल.

आपल्याकडे कॉलेज स्पोर्ट्सची सुरुवात जिमखान्याची किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यापासून होते. बाहेरगावी मॅचला जाताना बसभाडं मिळालं तरी नशीब समजायचं. तिकडचा मामला वेगळा. मिशिगन किंवा पेन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात (फुटबॉल म्हणजे त्यांचा, हातात धरून पळायचा). टीव्हीचे करार अब्जावधी डॉलरचे. बऱ्याच राज्यांत सरकारी नोकरांपैकी सगळ्यात जास्त पगार गव्हर्नरचा नसतो, तर सरकारी विद्यापीठाच्या एखाद्या कोचचा असतो. एवढा पैसा फिरतो म्हटल्यावर लबाडीही आलीच.

ही लबाडी पकडण्याचं काम करते एनसीएए, म्हणजे नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन. १९०६ साली सुरू झालेली ही संस्था खाजगी आहे, सरकारी नाही. आज सुमारे ११०० कॉलेजं आणि विद्यापीठं तिची सभासद आहेत. अनेक दशकं तिचा मुख्य नियम एकच होता : खेळाडू हौशीच असला पाहिजे. स्कॉलरशिपमध्ये फी, राहणं, जेवण मिळेल. त्यापलीकडे कुणी गाडी दिली, घरी जायचं विमानाचं तिकीट काढून दिलं, खिशात शंभर डॉलर कोंबले, की नियमभंग. टीमचे श्रीमंत चाहते असतात, त्यांना तिकडे 'बूस्टर' म्हणतात. बहुतेक भानगडी त्यांच्या खिशातून निघायच्या.

तक्रार आली की एनसीएएचे पगारी तपासनीस कॅम्पसवर जातात, लोकांना भेटतात, आरोपपत्र पाठवतात. मग एक समिती सुनावणी घेऊन शिक्षा ठरवते. शिक्षा साध्या नसतात. स्कॉलरशिपची संख्या कमी करणं, राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बंदी, जुने विजय रद्द करणं. १९८७ मध्ये सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाचा फुटबॉलचा अख्खा सीझन रद्द केला होता. त्या शिक्षेला लोक 'डेथ पेनल्टी' म्हणतात आणि त्या टीमला सावरायला पुढे अनेक वर्षं लागली.

पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावर बरंच काही अवलंबून आहे. एनसीएए म्हणजे पोलीस नव्हे. तिला कुणाला समन्स पाठवता येत नाही, कुणाला शपथेवर बोलायला लावता येत नाही. बाहेरचा माणूस "जा, नाही बोलत" म्हणाला की तपास तिथेच संपला. मात्र सभासद कॉलेजनं आणि त्याच्या नोकरांनी चौकशीत 'सहकार्य' करायलाच हवं हा नियम आहे, आणि सहकार्य न करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे ज्याच्यावर आरोप आहेत त्याच्यावर सगळा जोर, आणि ज्याच्या सांगण्यावरून आरोप आहेत त्याच्यावर काहीच नाही.

आता आपल्या हिरोकडे येऊ. (हिरो की व्हिलन, हे ज्यानं त्यानं ठरवावं.) जेरी टार्केनियन. टक्कल, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि मॅच चालू असताना तोंडात ओला टॉवेल चावत बसायची सवय. १९७३ मध्ये तो लास व्हेगासच्या नेवाडा विद्यापीठात, म्हणजे युएनएलव्हीत कोच म्हणून आला आणि चारच वर्षांत त्यानं टीमला देशातल्या शेवटच्या चारांत नेलं. त्याचा स्वभाव गप्प बसणाऱ्यातला नव्हता. एनसीएए मोठ्या विद्यापीठांना हात लावत नाही आणि छोट्यांना झोडते, हे तो उघडपणे म्हणायचा. त्याचा एक टोमणा प्रसिद्ध आहे : केंटकी विद्यापीठावर एनसीएए इतकी भडकली आहे की आता ती क्लीव्हलँड स्टेटला आणखी दोन वर्षांची शिक्षा देईल. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

युएनएलव्हीची चौकशी तो यायच्या आधी, नोव्हेंबर १९७२ मध्येच सुरू झाली होती. पुढे तिच्यात त्याचंही नाव आलं. विद्यापीठानं राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या मदतीनं स्वतःचा तपास केला आणि ऑक्टोबर १९७६ मध्ये शपथपत्रांचा गठ्ठा पाठवला. त्यात म्हटलं होतं की आरोप खोटे आहेत, कोच पूर्ण निर्दोष आहे. चार दिवस सुनावणी झाली. टार्केनियनच्या बाजूची सगळ्यात मोठी तक्रार ही की समोर साक्षीदार नव्हतेच. तपासनीस आपल्याला कोण काय म्हणालं ते आठवणीतून आणि टिपणांतून सांगत होते, त्या बोलण्याचं रेकॉर्डिंग नाही की सही नाही. एकीकडे सही-शिक्क्याचं शपथपत्र, दुसरीकडे तपासनिसाची आठवण, आणि समितीनं आठवणीवर विश्वास ठेवला.

आपल्या भाषेत सांगायचं तर, परीक्षेत कॉपी केस झाली आहे. सुपरवायझर समितीपुढे म्हणतो, "वर्गातल्या एका मुलानं मला सांगितलं की याच्याकडे चिठ्ठी होती." तो मुलगा कोण? समोर आणणार नाही. त्यानं लिहून दिलं आहे का? नाही. मग त्याला प्रश्न कसे विचारायचे? विचारायचे नाहीत. आणि तुम्ही जास्त हुज्जत घातली तर 'समितीला सहकार्य केले नाही' म्हणून अजून एक आरोप. हसू नका. समितीनं अनेक आरोप फेटाळले, तरी ३८ नियमभंग सिद्ध मानले, त्यातले १० टार्केनियनच्या नावावर, आणि त्यातला सगळ्यात गंभीर कुठला? तर चौकशीला पूर्ण सहकार्य न करणं.

१९७७ साली शिक्षा झाली : विद्यापीठ दोन वर्षं प्रोबेशनवर. शिवाय कोचला त्या काळात बाजूला करा, नाहीतर तुम्हाला आणखी शिक्षा का देऊ नये ते सांगा. विद्यापीठानं आपल्या उपाध्यक्षांकरवी सुनावणी घेतली. त्यांचा अहवाल वाचण्यासारखा आहे. त्यांनी म्हटलं की पुराव्यांबद्दल शंका घ्यायला जागा आहे, एनसीएएची न्यायाची पद्धत आपण अपेक्षा करू त्यापेक्षा खालच्या दर्जाची आहे. पण आपल्यापुढे तीनच रस्ते आहेत. शिक्षा नाकारायची आणि मोठी शिक्षा ओढवून घ्यायची. शिक्षा मान्य करायची, ती अन्यायाची वाटली तरी. किंवा एनसीएएतून बाहेर पडायचं. बाहेर पडून खेळणार कुणाबरोबर? इकडे आड, तिकडे विहीर. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी दुसरा रस्ता धरला.

निलंबन लागू व्हायच्या आदल्या दिवशी टार्केनियन कोर्टात गेला आणि स्थगिती मिळवली. मग अकरा वर्षं खटला चालला आणि तो कोचिंग करत राहिला. नेवाडातल्या कोर्टांनी त्याच्या बाजूनं निकाल दिला. पण १२ डिसेंबर १९८८ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं तो उलटवला.

इथे मुद्दा जरा तांत्रिक आहे, पण कठीण नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेतली चौदावी दुरुस्ती सांगते की योग्य प्रक्रियेशिवाय कुणाचं स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. आपण ज्याला नैसर्गिक न्याय म्हणतो, त्याचाच हा भाऊ. पण हे बंधन 'राज्या'वर, म्हणजे सरकारवर आहे, खाजगी संस्थेवर नाही. युएनएलव्ही सरकारी विद्यापीठ, तिच्यावर बंधन आहे. एनसीएएवर आहे का? टार्केनियनचे वकील म्हणाले, सरकारी विद्यापीठानं आपला शिक्षा करायचा अधिकार एनसीएएच्या हातात दिला, म्हणजे एनसीएए सरकारचाच हात झाली. बहुमताचं निकालपत्र न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिलं. त्यांचं म्हणणं असं : एनसीएएचे तेव्हा सुमारे ९६० सभासद, त्यातले बहुतेक नेवाडाच्या बाहेरचे. नियम सगळ्यांनी मिळून केलेले. मग ती नेवाडा राज्याचा हात कशी? उलट या सगळ्या प्रकरणात विद्यापीठ तिच्या विरोधात उभं होतं. आणि विद्यापीठाला बाहेर पडायची मुभा होतीच, रस्ता कितीही नकोसा असला तरी.

विरोधातल्या चौघांच्या वतीनं न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी लिहिलं. गंमत म्हणजे हे गृहस्थ स्वतः कॉलेज फुटबॉलचे स्टार होते, नंतर व्यावसायिक फुटबॉलही खेळले होते. नऊ जणांत कॉलेज स्पोर्ट्स आतून पाहिलेला माणूस तो, आणि त्यानं कोचच्या बाजूनं मत दिलं. विद्यापीठ आणि एनसीएए यांनी मिळून हे निलंबन केलं, एकानं निर्णय दिला आणि दुसऱ्यानं अंमल केला, मग ही सरकारी कृती कशी नाही, असा त्यांचा साधा सवाल होता. मला तरी तोच पटतो.

भारतातही हा प्रश्न असाच्या असा आला होता. बीसीसीआय ही घटनेच्या कलम १२ प्रमाणे 'राज्य' आहे का? २००५ मध्ये झी टेलिफिल्म्सच्या खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टानं ३ विरुद्ध २ अशा मतांनी नाही म्हटलं. पण आपल्याकडे एक खिडकी उघडी राहिली. कलम २२६ खाली हायकोर्ट अशा संस्थेलाही जाब विचारू शकतं, कारण ती सार्वजनिक काम करते. टार्केनियनला ती खिडकी नव्हती.

मग आमदार उतरले. न्यायमूर्ती म्हणतात घटना लागू होत नाही, ठीक आहे. पण राज्याला कायदा करायला कोण अडवतंय? नेब्रास्कानं १९९० मध्ये कायदा केला, पाठोपाठ नेवाडा, फ्लोरिडा, इलिनॉय. नेवाडाचा १९९१ चा कायदा सगळ्यात चर्चेत आला. त्यातल्या मागण्या पाहिल्या तर वाटतं, यात आक्षेप घेण्यासारखं काय आहे? आरोपाची आगाऊ नोटीस द्या. वकील ठेवू द्या. साक्षीदाराला समोरासमोर प्रश्न विचारू द्या. लेखी जबाब शपथेवर आणि नोटरीपुढे सही केलेला असावा. सुनावणीची अधिकृत नोंद ठेवा. निर्णय निःपक्ष माणसानं द्यावा. हे मोडलं तर राज्याचं कोर्ट चौकशी थांबवू शकेल आणि एनसीएएला नुकसानभरपाई द्यावी लागेल. आणि या हक्कांचा वापर केला म्हणून नेवाडाच्या विद्यापीठाच्या सभासदत्वाला धक्का लावायचा नाही.

आता आमदार काही एकदम न्यायप्रेमी झाले होते असं समजू नका. १९९० मध्येच इलिनॉय विद्यापीठाच्या बास्केटबॉलला आणि फ्लोरिडा विद्यापीठाच्या फुटबॉलला एनसीएएची शिक्षा झाली होती. युएनएलव्हीनं त्याच वर्षी ड्यूकला १०३ विरुद्ध ७३ असं धुवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं, आणि तिची नवीन चौकशी चालूच होती. आपली टीम अडकली की आमदाराला नैसर्गिक न्याय आठवतो, हे उघड आहे. पण हेतू स्वार्थी असला म्हणून मागणी चूक ठरत नाही. कॉपी केसमध्ये पकडलेला मुलगा "साक्षीदार समोर आणा" म्हणतो तेव्हा तोही स्वतःसाठीच म्हणत असतो.

आणि या भांडणात खरी किंमत कुणी मोजली तेही बघा. १९८८ च्या निकालानंतर जुन्या शिक्षेचा हिशेब बाकी होता. तडजोडीत ठरलं की युएनएलव्ही १९९१ ची राष्ट्रीय स्पर्धा खेळेल, पण १९९२ ची नाही. १९९१-९२ च्या टीमनं २८ पैकी २६ मॅच जिंकल्या आणि स्पर्धेच्या वेळी घरी बसली. ज्या पोरांवर ही बंदी आली ती १९७७ मध्ये पाच-सहा वर्षांची असतील. टार्केनियनचाही तो तिथला शेवटचा सीझन ठरला.

टार्केनियन आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी नव्या कायद्याखाली हक्क मागितले. एनसीएएनं कायदाच कोर्टात नेला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टानं तो रद्दबातल ठरवला. खटल्याचं नाव एनसीएए विरुद्ध मिलर, मिलर म्हणजे तेव्हाचे नेवाडाचे गव्हर्नर. कारण काय? राज्याराज्यांतल्या व्यापाराचे नियम करायचा अधिकार वॉशिंग्टनच्या काँग्रेसचा आहे. एखादं राज्य त्यात असा हात घालू शकत नाही की त्याचा कायदा आपोआप दुसऱ्या राज्यांतही लागू होईल. एनसीएएला सगळ्या देशात एकच पद्धत हवी. मग नेवाडासाठी नेवाडाची पद्धत ठेवायची म्हणजे एकतर एकसारखेपणा गेला, नाहीतर तीच पद्धत सगळ्या राज्यांत लावावी लागली. त्यात उद्या इलिनॉय एक सांगेल, फ्लोरिडा दुसरं, मग ऐकायचं कुणाचं?

पूर्वी मिरजेला गेज बदलायचं तसं. प्रत्येक राज्यानं आपलं गेज ठेवलं तर गाडी हद्दीवर थांबणार. कोर्टाचा मुद्दा समजण्यासारखा आहे. पण मला त्यात एक गोम दिसते. एकसारखेपणा हवा तर एनसीएएनं चांगलं गेज सगळीकडे टाकलं असतं तरी चाललं असतं. साक्षीदाराला प्रश्न विचारायचा हक्क नेवाडात दिला तसा ओहायोत दिला असता तर आभाळ कोसळलं नसतं. एनसीएएचं त्यावर उत्तर असं की आमच्याकडे समन्सचा अधिकार नाही. साक्षीदाराला उलटतपासणीला उभं राहावं लागेल म्हटलं की अठरा वर्षांचा खेळाडू आमच्याशी बोलणारच नाही, आणि मग एकही भानगड बाहेर येणार नाही. हे खोटं नाही. प्रश्न इतकाच, की तपास अवघड आहे याची किंमत आरोपीनं का भरायची?

शिवाय कायद्यातच एक सुरुंग होता. नेवाडाच्या आमदारांना फक्त एनसीएएलाच पकडायचं होतं. म्हणून त्यांनी व्याख्या केली : ४० किंवा जास्त राज्यांत सभासद असलेली संघटना. कोर्टानं तीच व्याख्या उचलली आणि म्हटलं, हा कायदा फक्त आंतरराज्य संस्थेवरच रोखलेला आहे, अजून काय पुरावा हवा? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. पुढच्याच वर्षी फ्लोरिडाचा कायदाही फेडरल कोर्टात असाच पडला.

आता दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवून बघा. १९८८ : एनसीएए अनेक राज्यांत पसरली आहे, म्हणून ती कुठल्याच एका राज्याचा हात नाही, म्हणून घटना तिला लागू नाही. १९९३ : एनसीएए अनेक राज्यांत पसरली आहे, म्हणून कुठलंच एक राज्य तिला कायदा लावू शकत नाही. एकाच कारणानं दोन्ही दारं बंद! संस्था जितकी मोठी तितकी ती जास्त मोकळी. आणि हे काही माझ्या मनाचं नाही. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानं टेनेसी राज्यातल्या शाळांच्या खेळ संघटनेला 'सरकारी' ठरवलं, पुन्हा ५ विरुद्ध ४. फरक काय होता? ती संघटना एकाच राज्यातली होती.

तिसरं दार होतं वॉशिंग्टनच्या काँग्रेसचं. तिथे १९७८ मध्येच एनसीएएच्या चौकशीपद्धतीवर उपसमितीच्या सुनावण्या झाल्या होत्या. भरपूर भाषणं झाली, कायदा झाला नाही.

आमदारांची सगळी मेहनत पाण्यात गेली असं मात्र नाही. दबाव वाढल्यावर एनसीएएनं रेक्स ली यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिच्यात माजी सरन्यायाधीश वॉरन बर्गरसुद्धा होते. १९९१ मध्ये समितीनं सांगितलं, मुलाखती टेप करा, आधी नोटीस द्या, अपिलाची सोय करा, निवृत्त न्यायाधीशांसारखी बाहेरची माणसं सुनावणीला बसवा, सुनावणी खुली ठेवा. पहिल्या गोष्टी बऱ्याच स्वीकारल्या गेल्या, १९९३ मध्ये अपील समितीही आली. शेवटच्या दोन नाही. म्हणजे कोर्टात जिंकून झाल्यावर हरलेल्याच्या मागण्यांपैकी सोयीच्या तेवढ्या उचलल्या. १९९८ मध्ये टार्केनियनचा दुसरा एक खटला एनसीएएनं २५ लाख डॉलर देऊन मिटवला, चूक कबूल न करता. २०१३ मध्ये तो बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, २०१५ मध्ये वारला.

पुढची वीस वर्षं भराभर सांगतो. २०१३ मध्ये उघड झालं की मायामी विद्यापीठाच्या चौकशीत एनसीएएच्या माणसांनी एका दिवाळखोरीच्या खटल्यातल्या शपथेवरच्या जबाबाचा आडमार्गानं फायदा घेतला होता. आपल्याला समन्स काढता येत नाही ना, मग दुसऱ्याचं समन्स वापरा! अध्यक्षांना जाहीरपणे चूक मान्य करावी लागली. त्याआधी २०१२ मध्ये पेन स्टेटमधल्या लैंगिक अत्याचाराच्या भयंकर प्रकरणात एनसीएएनं स्वतः चौकशीच न करता, विद्यापीठानं करवून घेतलेल्या अहवालावर ६ कोटी डॉलर दंड ठोठावला. गुन्हा इतका घृणास्पद होता की प्रक्रियेबद्दल बोलायची कुणाची हिंमत होईना. पण पेनसिल्व्हेनियाच्या आमदारांनी इथे वेगळी चाल खेळली. चौकशी कशी करायची ते त्यांनी सांगितलंच नाही. २०१३ मध्ये त्यांनी कायदा केला की दंडाचा पैसा राज्यातच खर्च झाला पाहिजे. राज्याच्या कोर्टानं तो मानला. खटल्यात एनसीएएचे अंतर्गत ईमेल बाहेर आले, त्यात त्यांच्याच अधिकाऱ्यांनी आपला अधिकार म्हणजे ब्लफ असल्याचं मान्य केलं होतं. जानेवारी २०१५ मध्ये तडजोड झाली. पैसा पेनसिल्व्हेनियात राहिला आणि रद्द केलेले ११२ विजय परत मिळाले.

आणि निःपक्ष न्यायाधीश? तेही एकदा करून झालं. २०१८ मध्ये माजी परराष्ट्रमंत्री कोंडोलीझा राइस यांच्या आयोगाच्या सांगण्यावरून एनसीएएनं गुंतागुंतीच्या केसेससाठी बाहेरच्या माणसांची स्वतंत्र व्यवस्था उभी केली. नेवाडानं १९९१ मध्ये मागितलं होतं तेच, २७ वर्षांनी. पण तिथे कन्सास विद्यापीठाची एक केस आरोपपत्रापासून चार वर्षं चालली, आणि २०२३ मध्ये ती व्यवस्था गुंडाळली. निवाडा लवकर हवा की नीट हवा, हे भांडण तिथेही सुटलं नाही.

राज्यांना शेवटी यश मिळालं ते मात्र पैशाच्या बाजूनं. सप्टेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियानं कायदा केला की खेळाडूला स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातीतून कमाई करू द्यायची, आणि तेवढ्यासाठी त्याला किंवा कॉलेजला शिक्षा करायची नाही. हाही एका राज्याचा कायदा, हाही एनसीएएच्या देशभरच्या नियमाला छेद देणारा. मिलरच्या निकालानं तो पडायला हवा होता. पण डझनावारी राज्यांनी तसेच कायदे केले आणि २०२१ मध्ये एनसीएएनंच माघार घेतली. एक राज्य विरोधात असलं की ते मोडता येतं, तीस राज्यं विरोधात गेली की नियम मोडतो. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं मक्तेदारीविरोधी कायद्याखाली एनसीएएला ९ विरुद्ध ० असं हरवलं. पुढे मे २०२३ मध्ये, डुकरांच्या पिंजऱ्यांबद्दलच्या कॅलिफोर्नियाच्या एका कायद्यावर निकाल देताना त्याच कोर्टानं सांगितलं, की एका राज्याच्या कायद्याचा परिणाम बाहेर झाला एवढ्यावरून तो आपोआप अवैध होत नाही. त्यामुळे १९९३ च्या निकालाचा पाया आता तेव्हाइतका घट्ट राहिलेला नाही.

जानेवारी २०२४ मध्ये बातमी आली की एनसीएए टेनेसी विद्यापीठाची चौकशी करते आहे, बूस्टरांच्या गटानं खेळाडूंना आमिष दाखवल्याबद्दल. लगेच टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या ॲटर्नी जनरलनी खटला भरला. २३ फेब्रुवारीला स्थगिती मिळाली. आठवड्याभरात एनसीएएनं आपल्या तपासनिसांना अशा चौकशा थांबवायला सांगितल्या. टार्केनियनला अकरा वर्षं भांडून जे मिळालं नाही ते चार-पाच आठवड्यांत झालं. फरक हा, की यावेळी कुणी "साक्षीदार समोर आणा" म्हणत नव्हतं, "बाजारात अडथळा आणू नका" म्हणत होतं.

जून २०२५ मध्ये एका मोठ्या खटल्याची तडजोड मंजूर झाली. सुमारे २८० कोटी डॉलर जुन्या खेळाडूंना, आणि यापुढे कॉलेजं स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकतील, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. या नव्या नियमांवर नजर ठेवायला मोठ्या कॉन्फरन्सेसनी वेगळी संस्था काढली, कॉलेज स्पोर्ट्स कमिशन. तीही खाजगी. तिलाही समन्सचा अधिकार नाही. टेनेसीनं तर तडजोड मंजूर व्हायच्या आधीच, मे २०२५ मध्ये, आपल्या विद्यापीठांना अशा संस्थांच्या नियमांपासून संरक्षण देणारा कायदा करून ठेवला होता.

यावर कमिशननं जे केलं ते टार्केनियनला ओळखीचं वाटलं असतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी मोठ्या विद्यापीठांकडे एक करारपत्र पाठवलं : आमच्या चौकशीला सहकार्य कराल, वाद झाला तर लवादाकडे जाल, कोर्टात जाणार नाही, सही करा. टेक्ससच्या ॲटर्नी जनरलनी आपल्या विद्यापीठांना जाहीरपणे सांगितलं, सही करू नका.